आडवं दार

विद्यानगरचं आमचं जुनं भाड्याचं घर पाडायला घेतलं, त्या दिवशी मी तिथे एक दार मागायला गेले होते.

घर सोडून आम्हाला वर्ष होत आलं होतं. घरमालक वारले, त्यांच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली आणि आम्ही दोघं कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. फ्लॅट आमचाच. म्हातारपणी उपयोगी पडेल म्हणून कधीकाळी घेऊन ठेवलेला. चौथा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी. मी खूश होते. पण माझ्या नवऱ्याचं विसरणं या घरात आल्यापासून असं वाढलं, की सहा महिन्यांत मला माझंच घर अनोळखी वाटायला लागलं.

ते कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत. बाटल्या, नळ्या, तराजू, सगळं त्यांच्या ताब्यात. शिस्त एवढी, की आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरसुद्धा त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या असायच्या. धने, जिरे, साबुदाणा. मी हसायचे. ‘‘मला काय साबुदाणा ओळखता येत नाही?’’ म्हणायचे. त्याच माणसाचा चष्मा आता तांदळाच्या डब्यात सापडायचा. दातांची कवळी उशीच्या अभ्र्यात. एकदा घड्याळ सापडेना, तेव्हा कामवाल्या बाईवर त्यांनी चोरीचा आळ घेतला. तिच्या समोर, मोठमोठ्याने. घड्याळ त्यांच्याच मोज्यात निघालं. पण तोवर ती रडत खाली उतरली होती. मी फोन केला तर म्हणाली, ‘‘अम्मा, तुमच्याबद्दल काही नाही, पण मी पुन्हा यायची नाही.’’

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या नवऱ्याला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, आणि यांनी सगळे आकडे एकाच बाजूला गोळा करून ठेवले. ते चित्र बघून मला कळायचं ते कळलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘बंद अलमारीत गेलेली वस्तू यांच्यासाठी जगातून नाहीशी होते. रोजच्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. एकाच जागी. आणि जमलं तर ओळखीच्या जागी.’’

ओळखीची जागा मी कुठून आणणार? ती तर पाडायला निघाली होती. त्यावरूनच मला दार सुचलं. कुणाच्या तरी घरी जुन्या दाराला हूक आणि फळ्या ठोकून भिंतीशी उभं केलेलं मी पाहिलं होतं. त्यावर छत्र्या, पिशव्या, किल्ल्या टांगल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, आपल्या मधल्या खोलीचं दार आणावं. ते मागच्या अंगणात उघडायचं. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून माझा नवरा रोज सकाळी त्या दाराची कडी काढून तोंड धुवायला बाहेर जायचा. त्याचा हात त्या लाकडाला ओळखेल.

मी पोचले तेव्हा मजुरांनी दारं काढून रस्त्याकडेला एकावर एक रचली होती. घरमालकांचा धाकटा मुलगा मला बघून पुढे आला. ‘‘काकू, एकच का, सगळी न्या,’’ म्हणाला. मी एकच घेतलं. हिरवा तैलरंग, सहा खणांचं, खालच्या कडेला पावसाने थोडं कुजलेलं. ऑटो-ट्रॉलीत घालून कुकटपल्लीपर्यंत मी त्याला हाताने धरून बसले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाशी सुताराचं दुकान आहे. त्याने रंग खरवडला. खालून अस्सल सागवान निघालं. ‘‘अम्मा, नीचे से इत्ता काटना पडता, सड गया,’’ म्हणून त्याने कुजलेली पट्टी कापली. वर दोन अरुंद फळ्या बसवल्या, मधल्या आडव्या पट्टीवर पितळी हूक लावले. कडीला हात घालून त्याने विचारलं, ‘‘ये निकाल दूँ?’’

‘‘नक्को, राहू दे,’’ मी म्हटलं. मला वाटलं, तीच तर त्यांच्या ओळखीची.

मी पूर्वी घरी ब्लाउज शिवायची. मशीन अजून होतं. जाड कॅनव्हास आणून मी खणांच्या मापाचे खिसे शिवले आणि खिळ्यांनी पक्के केले. खडूसारख्या पांढऱ्या रंगाने प्रत्येकावर चिठ्ठीसारखं मोठ्या अक्षरांत लिहिलं: चष्मा. घड्याळ. रुमाल. कवळी. किल्ल्या. औषध. सुताराने हॉलच्या भिंतीशी दार उभं करून लोखंडी पट्ट्यांनी कसलं. मी माझ्या नवऱ्याला हाताला धरून त्याच्यासमोर आणलं.

ते दोन्ही हात पाठीमागे बांधून, प्रयोगशाळेत फेरी मारायचे तसे, एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत गेले. ‘‘चष्मा. घड्याळ. रुमाल.’’ रुमालाच्या खिशात हात घालून रुमाल काढला, झटकला, घडी घालून परत ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘बरं केलंस. नाहीतर या पोरांना काही जागच्या जागी ठेवायची अक्कल नाही.’’

कुठली पोरं ते मी विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. आनंदाने रडले.

पुढचे काही दिवस फार चांगले गेले. सकाळी ते आपणहून दाराकडे जायचे, चष्मा घ्यायचे, घड्याळ बांधायचे. चोरीचं बोलणं थांबलं. आमची मुलगी पुण्याला असते, तिला मी व्हिडिओ कॉलवर दार दाखवलं. ‘‘आई, तू कमाल आहेस,’’ ती म्हणाली. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग एका संध्याकाळी मी दिवा लावत होते आणि कडीचा आवाज आला.

ते दारासमोर उभे होते. कडी काढून दार आपल्याकडे ओढत होते. दार भिंतीला कसलेलं, ते हलणार कसं? ‘‘अहो, काय करताय?’’ मी विचारलं.

‘‘आई बाहेर राहिली,’’ ते म्हणाले. ‘‘अंगणात. अंधार पडतोय बघ.’’

माझ्या सासूबाई जाऊन तीस वर्षं तरी झाली असतील. शेवटच्या आजारात त्यांना संध्याकाळचं मागच्या अंगणात खुर्चीवर बसवायचो आणि दिवेलागणीला हेच त्यांना धरून आत आणायचे. मी म्हटलं, ‘‘अहो, सासूबाई आता नाहीत. हे आपलं कुकटपल्लीचं घर. या दाराच्या मागे भिंत आहे.’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी अत्यंत नीच बोलले. मग दाराला कान लावला. ‘‘ऐक,’’ म्हणाले. ‘‘हाक मारतेय.’’

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. दुपारचा चहा झाला की ते येरझाऱ्या घालायला लागत. उन्हं उतरली की दारापाशी. आधी विनवणी. ‘‘अगं, उघड ना. तिला थंडी वाजत असेल.’’ मग राग. ‘‘तू मुद्दाम करतेस. तुला ती पहिल्यापासून नको होती.’’ हे बोलणं मला सहन व्हायचं नाही. सासूबाईंचं शेवटचं सगळं मी केलं होतं, हागणं-मुतणं काढलं होतं, आणि आता या वयात मी त्यांना दाराबाहेर ठेवणारी सून झाले होते. मी ओरडून सांगायची, ‘‘त्या गेल्या! तुम्हीच अग्नी दिलात!’’ मग ते हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे खाली बसायचे आणि लहान मुलासारखे रडायचे. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी स्वतःला शिव्या द्यायची. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

मी काय नाही केलं? दारावर चादर टांगली, त्यांनी ती ओढून फाडली. कडी काढून टाकली, तर तिच्या भोकात चमचा घालून ते लाकूड कोरत बसले, बोटं सोलवटली. एकदा मी म्हटलं, ‘‘सासूबाई आत आल्या, झोपल्यात.’’ तर म्हणाले, ‘‘कुठे? दाखव.’’ माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. शेजारच्या बाई येऊन तेलुगूत नम्रपणे सांगून गेल्या, की संध्याकाळच्या ठोकण्याने त्यांच्या नातीचा अभ्यास होत नाही. मी हात जोडले. आणखी काय करणार?

मुलगी फोनवर म्हणाली, ‘‘आई, ते दार काढून फेकून दे.’’

‘‘आणि सकाळी?’’ मी म्हटलं. ‘‘सकाळी ते त्याच दारावर जगतात गं. चष्मा तिथे, कवळी तिथे. दार काढलं की पुन्हा तांदळाच्या डब्यात हात घालत बसायचं?’’

‘‘मग काय करणार आहेस?’’

भाजी करपतेय म्हणून मी फोन ठेवला. कित्येक दिवसांत मी घराबाहेर पडले नव्हते. भाजी दारात यायची. मशीनवर धूळ बसली होती. कधी कधी, देवा, मी दुपारी त्यांना झोपलेलं बघायची आणि मनात यायचं, आता उठूच नयेत. आणि मग त्यांच्या नाकाशी बोट धरायची, श्वास चालू आहे ना बघायला.

ज्या दिवशी दार पडलं, त्या दिवशी मी कुकर लावत होते. मला काही तरी करकरल्यासारखं ऐकू आलं. बाहेर येऊन बघते, तर ते स्टुलावर चढलेले. हातात स्क्रू ड्रायव्हर. कुठून मिळाला देव जाणे. भिंतीच्या पट्ट्यांचे वरचे स्क्रू त्यांनी काढले होते, तेही व्यवस्थित, काढलेला प्रत्येक स्क्रू वरच्या फळीवर रांगेत ठेवून. दार पुढे झुकलं होतं. मी धावले, त्यांना एका हाताने मागे ओढलं आणि दुसरा हात दाराला लावला. ते वजन माझ्याच्याने पेलणार नव्हतं. मनगटात कडकन आवाज झाला. दार आडवं होऊन फरशीवर आपटलं, खिशातली औषधं सगळीकडे उडाली.

ते माझ्याकडे बघत नव्हते. ते भिंतीकडे बघत होते. फिकट पिवळा रंग, ड्रिलची चार भोकं, पोपडा निघालेली एक जागा. त्यांनी जवळ जाऊन भिंतीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खाली बसले.

‘‘गेली,’’ म्हणाले. ‘‘किती वेळ थांबणार ती तरी?’’

माझा हात जीव जाईल असा दुखत होता, तरी मी त्यांच्याशेजारी बसले. कुकरच्या शिट्यांवर शिट्या होत राहिल्या. गॅस बंद करायला मी उठलेसुद्धा नाही. शेवटी वासाने शेजारच्या बाई धावत आल्या. त्यांनीच गॅस बंद केला, त्यांनीच मला दवाखान्यात नेलं, आणि त्यांचा नवरा माझ्या नवऱ्याजवळ बसून राहिला.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. माझ्या प्लॅस्टरवरून तिने हात फिरवला. आंघोळ करून, चहा घेऊन, मग म्हणाली, ‘‘आई, मी एक ठिकाण बघितलंय. फक्त बघायला चल.’’

शहराबाहेर होतं ते ठिकाण. स्वच्छ. झाडं होती, नर्स होत्या, गरम जेवण होतं. मी नावं ठेवायला जागा शोधत होते आणि मला सापडत नव्हती. एका लांब खोलीत पलंगांच्या दोन रांगा. सगळ्या पलंगांना एकाच रंगाची चादर, सगळ्यांच्या उशाशी एकसारखं कपाट, बंद. एक बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी माझा पदर धरला आणि म्हणाल्या, ‘‘माझी पर्स कुठे ठेवली यांनी?’’ मी कपाट उघडून पर्स काढून दिली. रिकामी होती. त्यांनी ती छातीशी धरली. नर्स हसून म्हणाली, ‘‘दिवसभर हेच विचारतात.’’

बाहेर गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, ‘‘मग?’’

‘‘नको,’’ मी म्हटलं.

‘‘आई, तू मरशील.’’ ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. ‘‘बाबा तर जातच आहेत. तुलाही घालवू का मी?’’

मी एवढंच म्हटलं, ‘‘अजून थोडे दिवस बघू.’’ तिनेही ते मान्य केलं, कारण तिच्याकडेही दुसरं काही नव्हतं.

औषधं गोळा करताना शेजाऱ्यांनी उताणं केलेलं दार तेव्हापासून हॉलमध्ये तसंच पडलं होतं, आडवं. उचलायला कुणाला सवड नव्हती. आम्ही घरी पोचलो तेव्हा त्यांच्याजवळ बसलेल्या शेजारच्या काकांनी तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प राहायला सांगितलं. संध्याकाळची वेळ होती. खिडकीतलं ऊन उतरलं होतं. माझा नवरा फरशीवर, त्या दाराशेजारी मांडी घालून बसला होता. त्याने दाराच्या खिशातून रुमाल काढला, घडी घातली, परत ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. कडीच्या भोकावरून त्याचा हात गेला आणि तिथे थांबला नाही.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही दिसलं होतं. आडवं पडलेलं ते दार आता त्यांच्यासाठी दार राहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं. त्याला आधी पटेना. ‘‘अम्मा, दरवाजा आडा? अच्छा नै दिखता.’’ मुलगी म्हणाली, ‘‘दिसू दे कसंही.’’ त्याने दार आडवं करून कमरेच्या उंचीवर भिंतीला कसलं, या वेळी स्क्रूंवर लाकडी ठोकळे बसवून. फळ्या आता उभ्या झाल्या, त्या काढून नव्या लावल्या. हूक फिरवले. मी एका हाताने खिसे उसवले आणि मुलीने, जिने शाळेनंतर सुई धरली नव्हती, ते वाकडेतिकडे पुन्हा शिवले. चिठ्ठ्या तिने लिहिल्या. तिचं मराठी अक्षर अजून चौथीतल्या मुलीसारखं आहे, मोठं आणि गोल. त्यांना तेच सोपं गेलं.

सासूबाई पुन्हा आल्या नाहीत. येरझाऱ्या राहिल्या, रडणं राहिलं, पण दारावरचं ठोकणं संपलं. मी संध्याकाळी पुन्हा दिवा लावायला लागले. मुलगी पुण्याला परत गेली, आणि तिच्या आग्रहाने दिवसा सांभाळायला एक बाई ठेवली. श्रीकाकुळमकडची आहे, माझ्या नवऱ्याला ‘नान्ना’ म्हणते, म्हणजे बाबा, आणि त्यांच्या शिव्यांनाही हसते.

हे सगळं सुधारलं असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

पहिल्यांदा किल्ल्यांचा खिसा रिकामा झाला. किल्ल्या कशाच्या ते त्यांना कळेना, ते त्या चावायला लागले, म्हणून मी काढून ठेवल्या. मग घड्याळ. मनगट इतकं बारीक झालं, की पट्टा गळून पडायचा. चिठ्ठी ते अजून वाचायचे. ‘‘च-ष्मा,’’ असं स्पष्ट वाचायचे, आणि चष्म्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. अक्षरं येत होती, पण त्यांचा चष्म्याशी काही संबंध उरला नव्हता. कवळी घालणं थांबलं, कारण पातळ खिचडीला दात लागत नाहीत. प्रत्येक वेळी मी वाट बघायची, दोन दिवस, चार दिवस, की मागतील. ते मागायचे नाहीत. मग मी ती वस्तू उचलायची.

रिकाम्या खिशांत आता डायपर आहेत. पावडर, कापूस, पाठीला लावायचं मलम, हातमोजे. बाईला सगळं पटकन सापडतं. ती म्हणते, ‘‘अम्मा, ये अच्छा बनाए आप.’’ चिठ्ठ्या मी बदलल्या नाहीत. रुमाल लिहिलेल्या खिशातून ती हातमोजे काढते. तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे तिला काही वाटत नाही. मला वाटतं, पण नवी चिठ्ठी लिहायला हात होत नाही.

मराठीही आता त्यांना सोडून चाललीय. त्यांचं लहानपण हिमायतनगरात गेलं, आजूबाजूला सगळी उर्दू बोलणारी मुलं. पहिली शाळाही उर्दूच. लग्नानंतर माझ्याशी ते कधी उर्दू बोलले नाहीत. पण आता बोलतात ती फक्त उर्दू. तीही चांगली, खानदानी, जशी पाहुण्यांशी बोलावी तशी.

परवा सकाळी मी त्यांना पुसून, कपडे घालून खुर्चीवर बसवलं आणि थकून समोर उभी राहिले. त्यांनी मान वर केली. मला नीट निरखलं. मग हाताने बाजूच्या खुर्चीकडे खूण करून म्हणाले, ‘‘आप खडे क्यूँ हैं? तशरीफ रखिए.’’

मी बसले.

‘‘कहाँ से आना हुआ?’’ त्यांनी अदबीने विचारलं.

इतकी वर्षं अगं आणि तू म्हणणारा माझा नवरा मला ‘आप’ म्हणत होता. बाई स्वयंपाकघरातून डोकावली आणि परत आत गेली.

‘‘विद्यानगरहून,’’ मी म्हटलं.

‘‘बहोत दूर से आए,’’ ते म्हणाले. ‘‘चाय पीके जाइए.’’

मी हो म्हटलं. बाईने चहा आणला. त्यांचा मी चमच्याने पाजला, आणि माझा, त्यांच्या आग्रहाखातर, त्यांच्यासमोर बसून पूर्ण प्याले.